तुटक रेषा

बॅलार्ड इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर
मी एका जालीम सुलतानाचा मकबरा काढते आहे.
घुमट अर्धाच आहे. अर्धा विजेने नेला.
आमच्या धंद्यात इमारत आतून दाखवायची
तर कागदावर ती उभी चिरावी लागते.
इथे ते काम आभाळानेच करून ठेवलंय:
भिंतीची जाडी, कमानीचा खांदा, चुन्याचे थर,
सगळं उघडं, मोजायला सोपं.

जे उरलं नाही ते तुटक रेषेने काढायचं, असा नियम.
साहेब म्हणाले, पूर्ण करा. गुरुवारपर्यंत.

नागदेवी स्ट्रीटला, बेअरिंगच्या दुकानांमागे,
पोटमाळ्यावर दस्तगीर उस्ताद बसतात. बीदरचे.
चाळीस वर्षं जस्तात चांदीची तार ठोकतायत.
मी फोटो पसरले तर त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.
म्हणाले, हा तर आमचा.
ह्याच्या भेगेत माझे सात पतंग अडकलेत.

मग सांगत बसले, हातोडी न थांबवता.
एका सशाने उलटून शिकारी कुत्र्यांना पळवलं,
म्हणून तिथे राजधानी वसली.
एका सुलतानाच्या उरुसाला अजून जंगम येतो, शंख फुंकत,
आणि कबरीतला त्याला पावलावरून ओळखतो.
आणि हा?
ह्याने माणसं कढईत टाकली, वरातीतून नवऱ्या उचलल्या,
शेवटी एका दासीने झोपेतच डोक्यात सोटा घातला.
वीज कधी पडली?
अम्मा म्हणायची, दफनाच्याच रात्री.
मास्तर म्हणायचे, छे, चारशे वर्षांनी.
‘आसमान कू क्या जल्दी है, बाई.’

कोपऱ्यात बिस्किटांचा डबा. त्यात किल्ल्यातली माती,
ऊन-पावसाचं तोंड न पाहिलेल्या कोठडीतली.
नवसागरात उकळून चोळली
की जस्त काळं पडतं, चांदी तशीच राहते.
माती खरी की खोटी ते जीभ ठरवते.
चिमूटभर मलाही दिली.
खारट. थंड. जुनं कुलूप चाटावं तशी.

रमजानबींचं तेव्हा निघालं, मी विचारलं नसताना.
त्या गेल्या तेव्हा कबरस्तानात जागा मिळाली,
अठरा महिन्यांची.
दुसऱ्या शबे-बरातला उस्ताद फुलं घेऊन गेले
तर तिथे ओली माती, आणि पत्र्याच्या तुकड्यावर
कुणा युसूफ टेलरचं नाव.
फुलं त्याच्याच उशाला ठेवली. परत कुठे नेणार?
‘शहर में जगा नै. सुलतान लोगां पैलेच आको सो गये.’
हसले.
हातोडी तेवढी थांबली.

निघताना जिन्यावरून ओरडले,
‘वो आधा नक्को भरो बाई, वहाँ तोते रैते!’

गुरुवारी मी साहेबांना अख्खा घुमट दिला,
तुटक रेषांसकट. पगार त्याचाच मिळतो.

दुसरा कागद मात्र घरी आणला.
त्यात अर्धा घुमट, आणि राहिलेल्या जागी
कागदाचाच पिवळट रंग. पोपट काढता येत नाहीत मला.
खाली प्रमाण लिहिलं, उत्तरेचा बाण काढला.
नकाशात एक माणूसही उभा करतात,
इमारत केवढी ते कळावं म्हणून;
ना चेहरा, ना नाव, फक्त उंची.

त्यासाठी पुन्हा पोटमाळा चढले.
विचारलं, उस्ताद, रमजानबी उंचीला किती होत्या?

त्यांनी हातोडी खाली ठेवली. उभे राहिले,
डोकं छताला लागू नये म्हणून जरा वाकून,
आणि उजवा हात आडवा धरला, कानाच्या पाळीशी.
थोडा खाली आणला.
पुन्हा थोडा वर.